एक्सरेच्या फिल्मवरचं आकाश

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं अंधारात नोकरीला होते. मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्सरे काढायच्या खोलीला लागून, दोन पलंग जेमतेम मावतील एवढी एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. दारं मात्र दोन होती, एकामागे एक, म्हणजे एक उघडलं तरी उजेड आत शिरायला नको. आत एक लाल दिवा, तोही इतका मिणमिणता की त्याला दिवा म्हणायचं ते केवळ मन राखायला. तिथे उभं राहून भाऊजी दिवसभर फिल्मा धुवायचे. कुणाचा मोडलेला हात, कुणाची छाती, कुणाच्या पोरानं गिळलेलं नाणं. एका हौदात औषध, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात पुन्हा औषध. घरी आले की हातांना आंबट वास यायचा. साबण घासून घासून संपायचा पण वास जायचा नाही. सासूबाईंनी त्यांचा टॉवेलच वेगळा करून टाकला होता.

आणि अशा माणसाला बायको मिळाली ती रातांधळी.

लग्न ठरताना हे कुणी सांगितलं नाही. मुलगी बघायला आम्ही दुपारी गेलो, लग्न सकाळी लागलं. रात्रीची मुलगी कशी असते हे कोण विचारतं? लग्नाला चार दिवस झाले असतील, संध्याकाळी दिवे गेले आणि धाकटी भरल्या पातेल्यासकट माझ्या अंगावर आली. सासूबाई म्हणाल्या, वेंधळी दिसते. मी म्हटलं, नवी आहे, घाबरली असेल. रात्री भाऊजींनी तिला विचारलं, तेव्हा तिनं रडत रडत सांगितलं की दिवस मावळला की मला काही म्हणजे काही दिसत नाही, लहानपणापासून असंच आहे.

दुसरा एखादा नवरा असता तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. भाऊजी सकाळी मला म्हणाले, वहिनी, अंधारात कसं वावरायचं ते मला येतं, मी शिकवीन तिला. आणि शिकवलंही. पलंगापासून दार सात पावलं, दारापासून मोरी अकरा, जिन्याच्या पायऱ्या सोळा, सातव्या पायरीचा कोपरा फुटलेला. महिनाभर दोघं रात्री घरात पावलं मोजत फिरायची. आम्ही अंथरुणात पडून ऐकायचो. आमचे हे म्हणायचे, बघ, लोक लग्नानंतर फिरायला जातात, आमचा भाऊ मोरीपर्यंत जाऊन येतो.

मग त्यांनी घरभर दिवे लावले. जिथे एक होता तिथे दोन केले. सूर्य मावळायच्या आधी घरातला झाडून सगळा उजेड लागला पाहिजे, असा नियमच झाला. गच्चीच्या जिन्यात तर त्यांनी दोन बटणं बसवली, एक खाली आणि एक वर, दिवा मात्र एकच. खालून लावावा, वर जाऊन विझवावा, उतरताना उलट करावं. धाकटीला जिन्यात पाऊलभरही अंधार लागू नये म्हणून ही सोय. त्या बटणांना चालू-बंद अशी ठरलेली बाजू नव्हती. कुठलंही दाबलं की लागलेला दिवा विझायचा, विझलेला लागायचा. दिव्याकडे बघितल्याशिवाय काही कळायचं नाही. दिवा होता गच्चीत उघडणाऱ्या दाराच्या डोक्यावर, चांगला शंभराचा. रोज संध्याकाळी तो लावायचं काम माझं होतं. दोघांना मूलबाळ झालं नाही, आमची मुलं लग्न होऊन लांब गेली, सासू-सासरे गेले, पण तो दिवा काही चुकला नाही.

धाकटीला अठ्ठेचाळिसावं लागलं त्या वर्षी ती दिवसासुद्धा धडकायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा, कपाटाच्या कोपऱ्याला गुडघा. सरळ समोरचं दिसायचं, कडेचं दिसत नव्हतं. भाऊजी तिला त्यांच्याच दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. सोबतीला मी. बाईंनी तासभर तपासलं, ठिपके दाखवले, उजेड मारला. शेवटी म्हणाल्या की हा तोच रात्रीचा आजार आहे, आता दिवसावर आला आहे. नजर कडेकडून आत आत जाणार. नळीतून बघितल्यासारखं दिसेल, मग नळी अरुंद होत जाईल. दोन वर्षं, फार तर तीन. औषध नाही. जाताना त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, जे बघायचं असेल ते बघून घ्या.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. कुणालाच उठवेना. समोरून एक आया लादी पुसत आमच्या पायांपर्यंत आली, आम्ही पाय उचलले, ती पुढे गेली, आम्ही पाय खाली ठेवले. मग भाऊजींनी विचारलं, "तुझं बघायचं काय राहिलंय?"

धाकटीनं पदर नीट केला. "चांदण्या," ती म्हणाली. "वर आहेत असं सगळे म्हणतात. मी आपली आजवर तुमच्या शब्दावर चाललेय."

मला हसू आलं. तिलाही आलं. रडू येण्यापेक्षा बरं. भाऊजी मात्र हसले नाहीत. त्यांनी ते मनात धरलं.

आधी त्यांनी चांदण्यांचं चित्र असलेलं पुस्तक आणलं. काळ्या पानावर पांढरे ठिपके. धाकटीनं पान डोळ्यांपाशी नेलं, लांब नेलं, आडवं धरलं. म्हणाली, नुसतं काळं दिसतं, कुठे कुठे पीठ सांडलंय असं वाटतं. पुस्तक कपाटावर गेलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी मोरीत घसरले आणि मनगट मोडून घेतलं. भाऊजींनी स्वतः फिल्म धुतली आणि भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावली. डॉक्टर फिल्म बघायला वापरतात ती, दुधी काचेची, आत पांढऱ्या नळ्या असलेली. धाकटी माझ्यामागे उभी होती. ती एकदम पुढे झाली आणि बोट ठेवून म्हणाली, ही बघा ताई, इथे रेघ आहे, इथे मोडलंय. आणि तिथेच मोडलं होतं, केसाएवढी चीर. सुई समोर ठेवली तरी जिला सापडत नव्हती तिला ती चीर सापडली. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या मनगटाकडे कुणाचं लक्षच नाही. मी म्हटलं, अहो, प्लास्टर घालणार आहात का, की असंच घरी नेऊ?

त्या दिवशी त्यांच्या डोक्यात ते शिरलं. मला नंतर त्यांनी समजावून सांगितलं, मी चौथी शिकलेली, पण मला कळलं. एक्सरेच्या फिल्मवर जिथे उजेड पडतो तिथे ती काळी होते. बाकीची साफ राहते, फिकट निळसर काचेसारखी. आकाशाकडे तोंड करून फिल्म रात्रभर उघडी ठेवली तर प्रत्येक तारा सरकता सरकता तिच्यावर आपली काळी रेघ ओढणार. मग ती फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायची. काळ्यावर पांढरं धाकटीला दिसत नाही, पण पांढऱ्यावर काळं दिसतं. मनगटातली चीर दिसते तर तारा का नाही दिसणार?

मोडक्या कपाटाचा एक खण घेऊन त्यांनी पेटी केली. आतून काळा रंग तीन वेळा दिला. भंगारवाल्याकडे एका बंद पडलेल्या फोटोच्या दुकानाचं सामान आलं होतं, त्यातून पितळी कड्याचं भिंग मिळालं. भिंगावर झाकण बुटाच्या पॉलिशच्या डबीचं. झाकण काढलं की फोटो सुरू, लावलं की संपला. मधे सगळी रात्र. फिल्म दवाखान्यातली, मोठ्या साहेबांना विचारून घेतलेली, मुदत संपलेल्या खोक्यातली. ती लाल दिव्यात मापाची कापायची, पेटीत बसवायची आणि काळ्या कापडात गुंडाळून घरी आणायची. दवाखान्यानं टाकून दिलेली उजेडाची एक पेटीही त्यांनी मागून आणली आणि स्वयंपाकघरात माझ्या डब्यांच्या फळीखाली ठोकली.

पेटीचं तोंड उत्तरेकडे, कारण तिथला एक तारा म्हणे जागचा हलत नाही आणि बाकीचे सगळे त्याच्याभोवती फिरतात. इतके उन्हाळे मी त्या गच्चीवर झोपले, मला कुणी सांगितलं नव्हतं. आमची उत्तर नेमकी जिन्याच्या दाराच्या बाजूला येत होती. पेटी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, समोर दार, दाराच्या डोक्यावर तो दिवा, आणि दिव्याच्या वर आकाश.

पहिला हिवाळा नुसता शिकण्यात गेला. एकदा पेटीच्या फटीतून उजेड शिरला. एकदा पहाटे दव पडून भिंग आंधळं झालं. मग मी सांगितलं म्हणून भाऊजी पायमोज्यात गरम वाळू भरून भिंगाच्या गळ्याभोवती बांधायला लागले. दर दोन तासांनी उठून वाळू बदलायची. म्हणजे त्यांनी गच्चीवरच झोपायचं. टोपी, दोन स्वेटर, अंगावर घोंगडी. शेजारचे त्यांना घुबड म्हणायला लागले. शेजारीण मला विचारायची, काय हो, तुमचं घुबड आज बसणार का? मी म्हणायची, ढग नसतील तर बसेल.

फोटोच्या रात्री जिन्यातला दिवा लावायचा नाही, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, आणि मी मुकाट्यानं पाळायची. धाकटी तेवढ्या रात्री दिवस मावळला की पलंगावर बसून राहायची. हाक मारायची नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात रेघा उमटल्या. भाऊजी फिल्म घेऊन घरी आले ते जवळजवळ पळतच. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा गोल रेघा, पण तुटक आणि फिक्या, आणि सगळी फिल्म राखेच्या रंगाची. गल्लीत नवे पांढरे दिवे लागले होते, त्यांचा उजेड आकाशावर चढत होता. तरी मला त्या दिसल्या, आमच्या ह्यांना दिसल्या. धाकटी उजेडाच्या पेटीला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, दिसल्या हं, छान आहेत.

भाऊजींनी विचारलं, "किती आहेत?"

"पाच," ती म्हणाली.

पन्नास तरी असतील. भाऊजींनी पेटी बंद केली. बाजूला होताना धाकटीनं माझा हात धरला आणि दाबला. म्हणजे तिला कळलं होतं की ती पकडली गेली.

तिसऱ्या वर्षी दवाखान्यात नवं यंत्र आलं. एक्सरे सरळ पडद्यावर दिसायला लागला. फिल्म नको, औषध नको, अंधारही नको. महिनाअखेरीला ती खोली बंद होणार आणि तिथे बाटल्यांचं कोठार होणार, असं ठरलं. भाऊजींना वरच्या मजल्यावर कागद वाटायला बसवणार होते. उरलेलं फिल्मचं खोकं कुठे गेलं कुणास ठाऊक, भाऊजींच्या हाती तीन फिल्मा राहिल्या. पहिलीवर ढग आले. दुसरीच्या रात्री गल्लीत कुणाच्या तरी गाडीचे दिवे तासभर चालू राहिले. एक उरली.

धाकटीची नजर तोवर वाटीएवढी झाली होती. माझ्याशी बोलताना ती माझा एक डोळा शोधायची आणि त्याच्याशी बोलायची.

मग विजेच्या लोकांनी गल्लीत कागद चिकटवला. जुनी केबल बदलायची म्हणून गुरुवारी संध्याकाळी सहापासून शुक्रवारी सकाळी सहापर्यंत आमच्या सगळ्या भागातली वीज बंद राहील, रस्त्यावरच्या दिव्यांसकट. लोकांनी शिव्या घातल्या. भाऊजी तो कागद तीनदा वाचून आले. गुरुवार अमावस्येला लागून होता, थंडीमुळे आकाश धुतल्यासारखं होतं आणि दवाखान्यातली खोली शनिवारी बंद होत होती. शुक्रवारी फिल्म धुता येणार होती. मी त्यांना इतकं खुशीत लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यांनी धाकटीला सांगितलं की या खेपेला दिसणार. ती म्हणाली, बरं. एवढंच.

गुरुवारी साडेपाचला मी सवयीनं जिन्यातला दिवा लावला. हाताला तीस वर्षांची सवय, त्याला अमावस्या काय आणि केबल काय. सहाला वीज गेली. भाऊजी पेटी छातीशी धरून जिना चढत होते. चढताना खाली वळून मला म्हणाले, वहिनी, तेवढं जिन्याचं बटण बंद करून टाका, सकाळी एकदम लागायला नको. मी हो म्हटलं. हातातलं आवरलं, कंदील घेऊन जिन्याखाली गेले आणि बटण दाबलं. दिवा मुळात नव्हताच, तेव्हा काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. मला मागाहून कळलं की वर पोचल्यावर त्यांना समोर ते दुसरं बटण दिसलं, आणि मला सांगितल्याचं विसरून त्यांनी तेही दाबलं होतं. त्यांनी एकदा विझवला. मी तो पुन्हा लावला. अंधारात दोघांनी आपापलं काम चोख केलं.

रात्र चांगली गेली. मी दहाला वर गरम वाळू नेऊन दिली. गल्ली नव्हती, घरं नव्हती. इतक्या चांदण्या मी लहानपणानंतर पाहिल्या नव्हत्या. भाऊजी हळू आवाजात म्हणाले, झाकण काढून साडेतीन तास झाले, अजून सात हवेत. जणू तारे ऐकतील आणि बिचकतील. मी खाली येऊन पडले.

पहाटे चारच्या सुमारास धाकटीला उठायचं होतं. पावलं मोजून ती एरवी जायची, पण आता दिवसाही धडकत असल्यानं तिला धीर होईना, आणि घरात नेहमीचा उजेड नव्हता म्हणून ती आणखीच बावरली होती. तिनं हाक मारली, मी उठेपर्यंत भाऊजीच खाली आले. तिचा हात धरून तिला मोरीपर्यंत नेलं, बाहेर उभे राहिले. आणि वीज आली. सहाला यायची ती चारला आली. काम लवकर आटपलं असेल, आपल्याकडे कधी नव्हे ते. घरातले सगळे दिवे एकदम लागले. धाकटी बाहेर आली तिच्या चेहऱ्यावरचं सुख मी पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं. ते म्हणाले, आता रस्त्यावरचेही लागले असतील, वर जाऊन झाकण लावतो, दहा तास होत आले, पुष्कळ आहेत. मीच म्हटलं, दोन घोट चहा घेऊन जा, गारठलात.

त्यांनी कप तोंडाला लावला आणि खिडकीतून समोरच्या घराच्या भिंतीकडे बघितलं. भिंत वरच्या अर्ध्यात पिवळी झाली होती. आमच्या गच्चीच्या उजेडानं. कप त्यांनी खाली ठेवला, सांडला नाही की आपटला नाही, आणि ते वर गेले. मी मागोमाग गेले. शंभराचा दिवा दाराच्या डोक्यावर जळत होता आणि समोर कट्ट्यावर पेटी त्याच्याकडे डोळा उघडून बसली होती. भाऊजींनी आधी झाकण लावलं. मग वरचं बटण दाबलं, दिवा विझला.

अंधारातच त्यांनी विचारलं, "वहिनी, खालचं तुम्ही दाबलंत?"

"तुम्ही सांगितलंत ना."

"हो," ते म्हणाले. "सांगितलं होतं खरं."

एवढंच बोलणं झालं. त्यांनी मला दोष दिला असता तर माझी रात्र सोपी गेली असती.

तरी शुक्रवारी त्यांनी ती फिल्म धुतली. एकतीस वर्षांतली त्या खोलीतली शेवटची फिल्म ती. मी त्यांना म्हटलं होतं, धाकटीला सांगू या की ढग आले. ते म्हणाले, नाही. संध्याकाळी त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. काळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत डांबरासारखी काळी, आतल्या पांढऱ्या नळ्यासुद्धा पलीकडून कळत नव्हत्या. आमचे हे उगीच घसा साफ करत उभे. धाकटी पुढे झाली, नाक लावलं, चेहरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, वरपासून खालपर्यंत सगळं बघितलं. मन लावून.

"हे तर मी रोज बघते," ती म्हणाली.

आमचे हे हसले, आणि मग हसायला नको होतं हे त्यांच्या लक्षात आलं. भाऊजींनी तिला सगळं खरं सांगितलं, वीज लवकर आली, दिवा चालू राहिला. बटणाचं माझं नाव मात्र घेतलं नाही. मग पेटीचं बटण बंद केलं आणि वर जाऊन टाकीच्या कट्ट्यावर बसले. फोटो नव्हता, फिल्म नव्हती, तरी बसले. तीन रात्री बसले.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. भाजी निवडताना मी धाकटीला सांगितलं की तो दिवा माझ्या हातानं लागला, तुझ्या चांदण्या मी घालवल्या. ती बोटांनी शेंगा चाचपत होती. हात न थांबवता म्हणाली, "बरं केलंत ताई. नाहीतर चौथा हिवाळाही गेला असता."

मी म्हटलं, असं काय बोलतेस?

"बाकावर मी आपली थट्टा केली होती," ती म्हणाली. "काहीतरी बोलायचं म्हणून. त्यांना इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या बघून घ्या, तेव्हा मला यांना बघायचं होतं. लग्न झाल्यापासून दिवसा हे त्या खोलीत आणि रात्री मी आंधळी. रविवारी तेवढे दिसायचे, त्यातही अर्धा दिवस झोपलेले. आणि नजर होती ती तीन वर्षं हे गच्चीवर."

सांगायचं नाहीस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, कसं सांगणार, पायमोज्यात वाळू भरणाऱ्या माणसाला? मी पातेलं बाजूला सारलं आणि म्हटलं, आज सांग. आजच सांग.

तिनं सांगितलं. काय शब्दांत ते मला माहीत नाही, मी खोलीबाहेर होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी खिडकीपाशी खुर्ची मांडली, उन्हाकडे तोंड करून, आणि तिच्यासमोर धाकटीसाठी स्टूल. कागद वाटायची नवी नोकरी दुपारची होती. नऊ ते अकरा ते तिथे बसायला लागले. पहिले काही दिवस त्यांना बसताच येईना. ओळखपत्राच्या फोटोला बसतात तसे ताठ. धाकटी म्हणायची, अहो, श्वास घेतला तरी चालेल. ती अगदी जवळ जाऊन बघायची, कारण नजर आता नाण्याएवढी उरली होती, सगळा चेहरा एकदम मावत नव्हता. आज भुवई, उद्या कान.

"हा तीळ कधी आला?" एकदा तिनं विचारलं.

"लग्नाआधीचा आहे."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

मी आतून ऐकायची. इतकी वर्षं एका घरात काढून दोन माणसं एकमेकांना नवीन भेटत होती, आणि एकाला घाई होती. हनुवटी झाली, मान झाली. डोळ्यांना तिनं आठवडा लावला. पाऊस सुरू झाला तसं ऊन कमी झालं, तर भाऊजींनी उजेडाची ती पेटी स्वयंपाकघरातून काढून खिडकीशेजारी आणली आणि तिच्या उजेडात बसायला लागले. चेहरा पांढराफटक दिसायचा. धाकटी म्हणायची, आजारी दिसता. ते म्हणायचे, वय झालं. कधी कधी ती मधेच उठून जायची आणि मोरीत बराच वेळ पाणी सोडायची.

दिवाळं निघालेल्या दुकानासारखी तिची नजर रोज थोडी थोडी बंद होत होती, पण ती रोज नऊला स्टुलावर येऊन बसायचीच. एका सकाळी खाली पोस्टमननं हाक मारली. भाऊजी पाय न वाजवता उठले आणि गेले. मी दारातून बघितलं तर धाकटी तशीच बसलेली, मान किंचित कलती, तोंडावर ते बघतानाचं हसू, आणि समोर रिकामी खुर्ची. पेटीचा उजेड नुसत्या खुर्चीच्या पाठीवर पडलेला. मी तिला हाक मारणार होते. तेवढ्यात भाऊजी कागद घेऊन परत आले आणि दारात माझ्याशेजारी थांबले. त्यांनी बघितलं. हातातला कागद त्यांनी माझ्या हातात दिला, चपला काढल्या, भिंतीच्या कडेकडेनं गेले आणि खुर्ची करकरणार नाही असे हळूच तिच्यात बसले. मग चेहरा उजेडात धरला, रोजच्यासारखा, अकरा वाजेपर्यंत.

दुपारी ते कामाला गेल्यावर धाकटी स्वयंपाकघरात आली. दाराची चौकट हातानं धरली.

"ताई, हे मधे उठून गेले होते ना?"

मी हो म्हटलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "परवापासून काही दिसत नाहीये. त्यांना नका सांगू. उद्याही बसतील ते."